खरी शंका आणि खोटे कागद

सन १८८२ च्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस मुंबई हायकोर्टाच्या फौजदारी सत्रात न्यायमूर्ती लेथम यांनी पुण्याच्या दोन तरुण संपादकांस प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सांगितली. त्यांपैकी गोपाळ गणेश आगरकर यांस तीनच दिवसांपूर्वी सव्विसावे वर्ष पूर्ण झाले होते, आणि बाळ गंगाधर टिळक यांचे सव्विसावे वर्ष पूर्ण होण्याचा दिवस सहा दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगात उजाडावयाचा होता. महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद बहुधा लोकमान्यांचा पहिला तुरुंगवास अशी, आणि तीही पुढील दोन थोर खटल्यांची प्रस्तावना म्हणून, घाईघाईने होते. त्यामुळे हा खटला मुळात राजद्रोहाचा नव्हताच, तो अब्रुनुकसानीचा होता, सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल नसून एका व्यक्तीविरुद्ध लिहिल्याबद्दल होता, आणि त्यात आरोपींच्या हातून खरोखरच प्रमाद घडला होता, या गोष्टी वाचकांच्या ध्यानातून निसटतात. माझ्या मते त्या निसटू देणे योग्य नाही. भाषणस्वातंत्र्याची मर्यादा कोठे असावी, या प्रश्नाचा विचार करू इच्छिणाऱ्या मराठी माणसास १८९७ आणि १९०८ या सालांच्या खटल्यांपेक्षाही या जुन्या, काहीशा अडचणीच्या प्रकरणाकडून अधिक शिकण्यासारखे आहे; कारण तेथे वक्ता निर्दोष आणि सत्ता अन्यायी असा सोपा निवाडा उपलब्ध नाही.

तो काळच चमत्कारिक होता. मेटकाफ यांच्या १८३५ च्या कायद्याने परवान्याच्या जाचातून मोकळ्या झालेल्या हिंदुस्थानातील छापखान्यांवर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १४ मार्च १८७८ रोजी एकाच बैठकीत मंजूर करवून घेतलेला देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा लादला, आणि त्या कायद्याने कोणत्याही देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून अथवा प्रकाशकाकडून मुचलका लिहून घेण्याचा व अनामत मागण्याचा, आणि मजकूर पसंत न पडल्यास ती अनामत व प्रसंगी छापखानाही जप्त करण्याचा अधिकार अंमलदारांच्या हाती आला; त्यांच्या हुकुमावर कोर्टात दाद मागण्याची सोय ठेवली नव्हती. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, म्हणून कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने आपली बंगाली कात टाकून एकदम इंग्रजी वेष धारण केला. एकच वाक्य इंग्रजीत लिहिले तर मतप्रदर्शन आणि मराठीत अथवा बंगालीत लिहिले तर अपराध, असा भेद करणारा कायदा जनतेच्या मनात कोणत्याही मर्यादेविषयी आदर निर्माण करू शकत नाही, हे सांगण्यास फार पांडित्य नको.

हा कायदा जिवंत असतानाच, १८८१ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यास ‘मराठा’ हे इंग्रजी आणि ‘केसरी’ हे मराठी साप्ताहिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, माधवराव नामजोशी ही न्यू इंग्लिश स्कूलची मंडळी. सरकारी नोकरीच्या मोहापासून दूर राहून स्वल्प वेतनावर शिक्षणाचे व्रत घेतलेली. ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आणि ‘मराठा’चे टिळकांकडे होते. पुढे लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८२ च्या आरंभी, लिटनसाहेबांचा कायदा रद्द झाला. आणि नेमक्या त्याच सुमारास, मुसक्या सुटल्याचा आनंद देशी वृत्तपत्रे व्यक्त करीत असता, या दोन पत्रांचे चालक सर्वसामान्य दंडसंहितेच्या कक्षेत सापडून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

प्रकरणाचे मूळ कोल्हापुरात होते. छत्रपती राजाराममहाराज विलायतेच्या प्रवासाहून परतत असता १८७० च्या नोव्हेंबरअखेर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी निवर्तले. त्यांच्यामागे पुत्र नव्हता. पुढील वर्षी भोसल्यांच्याच कुळातील आठ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेऊन त्यास शिवाजी हे नाव देण्यात आले. हेच चौथे शिवाजीमहाराज. त्यांचे शिक्षण, त्यांचा सहवास, त्यांचा दिनक्रम, सर्व काही इंग्रज अधिकारी आणि त्यांनी नेमलेले कारभारी यांच्या नजरेखाली चालले होते; आणि महाराज वयात येण्याच्या सुमारास त्यांच्या बुद्धीत बिघाड झाला असल्याचे संस्थानी व सरकारी गोटांतून सांगितले जाऊ लागले. संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे हे होते. महाराज खरोखर भ्रमिष्ट आहेत, की त्यांस भ्रमिष्ट ठरविण्यात येत आहे, की एकाकीपणा, धाक आणि कठोर वागणूक यांच्यायोगे त्यांस तसे करण्यात येत आहे, अशी त्रिविध शंका महाराष्ट्रभर पसरली. या शंकेला त्या वेळच्या वातावरणात पुष्कळ खतपाणी होते. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १८७५ साली, बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटास विष घालण्याचा आरोप येऊन त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनातील तीन इंग्रज सभासदांनी त्यांस दोषी मानले व तिघा हिंदी सभासदांनी मानले नाही, आणि तरीही दुसऱ्याच कारणांवर बोट ठेवून मल्हाररावांस गादीवरून दूर करण्यात आले होते. ज्या लोकांनी हे डोळ्यांदेखत पाहिले त्यांस शिवछत्रपतींच्या वंशगादीवरील अनाथ तरुणाविषयी निश्चिंत राहा असे सांगणे व्यर्थ होते.

पुण्यात १८८१ च्या नोव्हेंबरात या विषयावर जाहीर सभा झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी महाराजांच्या छळाविषयी जळजळीत लेख लिहिले. आणि अशा वेळी, माधवराव बर्वे यांनी लिहिली असे सांगितली जाणारी, महाराजांच्या जिवावर उठलेल्या कटाची साक्ष देणारी काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली. ती कोणी आणली, कशी आणली, याचा फाटा येथे फोडण्याचे कारण नाही. इतके खरे की ती पाहून चांगल्या जाणत्या माणसांचाही विश्वास बसला, आणि संपादकांनी त्यांच्या आधारावर बर्वे यांच्यावर जे आरोप केले ते एखाद्या कारभाऱ्याच्या गैरकारभाराचे आरोप नव्हते, तर आपल्या धन्याचा घात करू पाहणाऱ्या माणसावरचे आरोप होते. बर्वे यांनी मुंबईस फिर्याद दाखल केली. ‘ज्ञानप्रकाश’ या पुण्याच्या जुन्या पत्राच्या संपादकासही या फिर्यादीची झळ लागली.

येथे बर्वे यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण देशभक्तीच्या भरात लिहिलेल्या चरित्रांतून ती सहसा मांडली जात नाही. माणूस सरकारच्या मर्जीतला असला, लोकांच्या नावडीचा असला, त्याचा कारभार कठोर असला, तरी त्याने न लिहिलेल्या पत्राचे कर्तृत्व त्याच्या माथी मारून त्यास खुनाचा कटवाला ठरविण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. अब्रू ही श्रीमंतांचीच वस्तू नव्हे, आणि अप्रिय माणसाची अब्रू हिसकावून घेण्यास जर लोकांची संतप्त भावना एवढाच आधार पुरत असेल, तर तो न्याय उद्या कोणाच्या दारी जाईल याचा भरवसा नाही.

उलट बाजूसही मोठे वजन होते. पिनल कोडाच्या ४९९ व्या कलमात अब्रुनुकसानीची व्याख्या करताना दहा अपवाद दिलेले होते, आणि त्यांतील पहिला असा की, सत्य गोष्ट लोकहितासाठी प्रसिद्ध केली तर तो अपराध नव्हे. पुढे आणखी असा की, लोकहितासाठी प्रामाणिक बुद्धीने केलेला आरोप हाही अपराध नव्हे. परंतु याच संहितेच्या ५२ व्या कलमाने प्रामाणिक बुद्धीचा अर्थ बांधून टाकला होता: जी गोष्ट योग्य ती काळजी व दक्षता न बाळगता केली किंवा खरी मानली, ती प्रामाणिक बुद्धीने केली असे म्हणता येणार नाही. अंतःकरण शुद्ध होते एवढे सांगून भागत नाही. शोध केला होता की नाही, हे सांगावे लागते. आता विचार करा, पुण्यातील शाळामास्तरांनी कोल्हापूरच्या राजवाड्यातील गोष्टींचा शोध करावयाचा तो कसा? महाराजांची भेट त्यांना मिळणे शक्य नव्हते. वाड्यातील नोकर-चाकर, वैद्य, कारकून हे सर्व ज्यांच्या अन्नावर जगत होते त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणार नव्हते. संस्थानचे दफ्तर बंद. पोलिटिकल एजंटाचे दफ्तर त्याहूनही बंद. ज्यांच्या ताब्यात सर्व पुरावा आहे त्यांच्यावर आरोप करणाऱ्याने मात्र पुरावा आणावा, ही अट कायद्याच्या दृष्टीने न्याय्य असली तरी व्यवहारात ती बलिष्ठाच्या पदरात पडते, आणि मग आरोप करणाऱ्याच्या हाती भिंतीवरून फेकलेले कागद तेवढे उरतात. असे कागद नेहमी शत्रूच्या हातचे किंवा लबाडाच्या हातचे असण्याचा संभव असतो. टिळक स्वतः एल्एल्. बी. होते, ५२ वे कलम त्यांस अपरिचित असणे शक्य नाही. तरीही त्यांनी ती पत्रे खरी मानली, यात त्यांच्या वयाचा, त्यांच्या संतापाचा आणि त्या अंधाऱ्या परिस्थितीचा, अशा तिघांचाही वाटा आहे.

या ठिकाणी वीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका खटल्याची आठवण होते. १८६२ साली याच मुंबईत, तेव्हाच्या सुप्रीम कोर्टापुढे, जदुनाथजी महाराज नावाच्या वैष्णव आचार्याने ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे चालक करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा आणला होता. करसनदासांनी महाराजांच्या दुराचरणावर उघड लेख लिहिला होता आणि त्यांच्या जातीने त्यांस वाळीत टाकण्याची धमकी दिली होती. परंतु त्या खटल्यात साक्षीदार पुढे आले. मुंबईतील सर्वांस वंद्य असलेले डॉक्टर भाऊ दाजी यांनी वैद्य या नात्याने कोर्टात साक्ष दिली. न्यायमूर्ती सर जोसेफ अर्नोल्ड यांनी सुधारकाच्या धैर्याचा गौरव केला आणि करसनदास विजयी झाले. करसनदासांचे लिखाण टिळक-आगरकरांच्या लिखाणाहून मवाळ होते असे नव्हे, आणि त्यांचा प्रतिपक्षही काही दुबळा नव्हता. एकाच्या आरोपामागे बोलण्यास तयार असलेली माणसे उभी होती आणि दुसऱ्याच्या आरोपामागे केवळ कागद होते. कोणत्याही समाजातील भाषणस्वातंत्र्य लेखकाच्या धैर्यावर जितके अवलंबून असते तितकेच ते भाऊ दाजींसारख्या साक्षीदारांच्या धैर्यावर अवलंबून असते, असे मला वाटते. आणि कोल्हापूर प्रकरणात तसा साक्षीदार कोणी निघाला नाही.

खटला मॅजिस्ट्रेटपुढे आणि नंतर हायकोर्टात चालला. आरोपींस जामीन हवा होता, आणि या जामिनाची हकीकत महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने ज्यांच्यावर अत्यंत कठोर, किंबहुना अनुदार, प्रहार केले होते त्या जोतीराव फुले यांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी हा जामीन दिला. ज्या मंडळींनी आपला उपहास केला त्यांच्या बोलण्याचा हक्क जपण्यासाठी पुढे होणे, हे मतस्वातंत्र्यावरील निष्ठेचे जे रूप आहे त्याहून कसोटीचे रूप मला ठाऊक नाही. खटल्याच्या खर्चासाठी ठिकठिकाणी वर्गणी जमली, विद्यार्थ्यांनी नाटके केली. आणि हे सर्व चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कालवश झाले. ज्याच्या लेखणीच्या तेजाने ही तरुण मंडळी एकत्र आली तो पुरुष गेला, दोन संपादक आरोपी होऊन मुंबईच्या खेपा घालीत आहेत, शाळा चालवायची आहे, छापखाना चालवायचा आहे. त्या वसंत ऋतूत पुण्याच्या या छोट्याशा संस्थेवर केवढे संकट कोसळले असेल याची कल्पना आजही करवत नाही.

खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. तेव्हा टिळक आणि आगरकर यांनी जे केले त्याचा उल्लेख काही चरित्रकार ओशाळल्यासारखा करतात; मला मात्र तो या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मानाचा भाग वाटतो. आपण ज्यावर विश्वासलो ते कागद खोटे आहेत हे दिसून येताच त्यांनी बर्वे यांची क्षमा मागितली. शिक्षेच्या भयाने मागितलेली ती क्षमा नव्हती, हे त्यांच्या पुढील आयुष्याने पुरेसे सिद्ध केले आहे. महाराजांच्या स्थितीविषयी वाटणारी चिंता त्यांनी मागे घेतली नाही. एका विशिष्ट माणसावर, विशिष्ट कागदाच्या आधारे केलेला विशिष्ट आरोप त्यांनी मागे घेतला. क्षमायाचनेने शिक्षा टळली नाही. ज्युरीने दोषी ठरविले आणि चार महिन्यांची कैद झाली.

डोंगरीच्या तुरुंगात दोघे एकाच कोठडीत होते. आरंभी त्यांस वाचावयास पुस्तके मिळाली नाहीत, लिहावयास साहित्य मिळाले नाही. अन्न असे होते की दोघांचीही शरीरे झडली, आणि दम्याने पीडित असलेल्या आगरकरांस तर तो काळ फारच जड गेला. तरीही रात्री उशिरापर्यंत त्यांचे वादविवाद इतक्या उंच स्वरात चालत की पहारेकऱ्यास त्यांना गप्प करावे लागे. समाजसुधारणा आधी की राजकीय जागृती आधी, या प्रश्नावर पुढे ज्यांची मैत्री भंगली आणि महाराष्ट्राची विचारसृष्टी दुभंगली, ते दोन मित्र त्या कोठडीत एकमेकांच्या मतांवर किती मोकळेपणाने तुटून पडत असतील! आगरकरांनी मुक्ततेनंतर ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. आणि तुरुंगातील काळ त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करण्यात घालविला, जे पुढे ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. आपल्याच राजवाड्यात परक्यांच्या नजरेखाली वावरणारा, वेडा आहे की वेडा ठरविला जात आहे हे कोणास न कळणारा राजपुत्र, हा विषय त्या महिन्यांत त्यांस किती निकटचा वाटला असेल हे सांगावयास नकोच.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजी, मुदतीपूर्वी काही दिवस, दोघांची सुटका झाली. तुरुंगाच्या दाराशी लोक जमले होते. त्यांच्या सत्कारास पुढे आलेल्यांत मुंबईच्या गिरणी कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सत्यशोधक सहकारीही होते. पुण्याने तर त्यांस डोक्यावर घेतले. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसांचा लोकांनी केलेला हा गौरव म्हणजे बनावट कागदांचे समर्थन नव्हते. कोंडलेल्या महाराजांविषयी कोणीतरी बोलले, आणि बोलल्याबद्दल त्याने किंमत मोजली, याची ती कृतज्ञता होती.

यानंतर वर्ष लोटले. महाराज अहमदनगरास ठेवलेले होते. त्यांच्या देखरेखीस ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई होता. १८८३ च्या डिसेंबरच्या २५ तारखेस, नाताळाच्या दिवशी, या ग्रीनशी झालेल्या झटापटीत महाराजांच्या प्लीहेस इजा होऊन त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षे. ज्या तरुणाची सुरक्षितता हा विषय छेडल्याबद्दल दोन संपादक तुरुंगात गेले होते तो तरुण, राजरुग्ण म्हणून सरकारी बंदोबस्तात असता, रखवालदाराशी झालेल्या मारामारीत मेला. पत्रे बनावट होती हे तरीही खरेच राहते. बर्वे यांच्यावर केलेला आरोप त्यामुळे सिद्ध होत नाही, आणि तो सिद्ध झाला असे मानणाऱ्या तत्कालीन भाविकांशी मी सहमत नाही. परंतु महाराजांचे हाल होत आहेत ही लोकांची शंका निराधार नव्हती, हे या मृत्यूने दाखविले. न्यायालयापुढे पत्र खरे की खोटे एवढाच प्रश्न होता व त्याचे उत्तर न्यायालयाने बरोबर दिले. महाराज सुखरूप आहेत की नाहीत, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे कधी आलाच नाही. तो आणण्याचे साधन वृत्तपत्रांखेरीज दुसरे नव्हते, आणि वृत्तपत्रांच्या हाती खोटे कागद देऊन कोणीतरी ते साधनच निकामी करून टाकले. खोट्याने खऱ्याची जितकी हानी केली तितकी बर्वे यांच्या फिर्यादीने केली नाही.

दोघा मित्रांचे मार्ग पुढे निराळे झाले. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला; त्यांच्या लेखांनी चिडलेल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. तेथे कलम नव्हते, ज्युरी नव्हती, मुदत संपताच उघडणारे दार नव्हते. तरी आगरकरांनी १८९५ साली देह ठेवीपर्यंत एक अक्षर मागे घेतले नाही. टिळकांवर १८९७ साली दंडसंहितेच्या १२४ अ या कलमाखाली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा क्षमा मागून सुटका करून घ्यावी असा आग्रह अनेक हितचिंतकांनी धरला. डोंगरीच्या वेळी क्षमा मागितली होतीच, मग आता का नको, असा युक्तिवाद करणे कोणासही सोपे होते. टिळकांनी तो मानला नाही. १८८२ मध्ये त्यांनी छापलेली वस्तुस्थिती खोटी ठरली होती. १८९७ मध्ये खोटे ठरण्याजोगे काही छापलेलेच नव्हते, प्रश्न केवळ मताचा होता, आणि मताबद्दल क्षमा मागण्यास ते तयार नव्हते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे ज्युरीतील सहा युरोपीय गृहस्थांनी त्यांस दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी पत्करून टिळक पुन्हा तुरुंगाची वाट चालू लागले.